दारात स्मार्ट मीटर आला: पहिल्या तीन महिन्यांत करायची कामं

मीटर बदलायला माणूस येतो तेव्हा घरात बहुतेक वेळा आजी असते, नाहीतर शाळेतून आलेली मुलं. दहा-पंधरा मिनिटांत जुना मीटर खाली, नवा वर, एका कागदावर सही, आणि माणूस पुढच्या दारी. महिन्याने बिल येतं, ते जास्त वाटतं, आणि जिन्यात एकच चर्चा सुरू होते: नवा मीटर पळतो. तो खरंच पळतो का, हे ठरवायला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्या मीटरमध्येच असतं. ते वापरायचं कसं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

इथली उदाहरणं महावितरणच्या घरगुती ग्राहकासाठी आहेत. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज घेणाऱ्यांचे दर वेगळे असतात, तपासायची रीत मात्र हीच.

मीटर बदलण्याचा दिवस

चार फोटो काढा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, मीटर क्रमांकासकट. नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग. ते शून्यच असेल असं नाही, कारण कारखान्यात चाचणी झालेली असते. नव्या मीटरचं सील, त्यावरचा क्रमांक वाचता येईल असं. आणि मीटर बदल अहवाल, म्हणजे ज्यावर सही घेतली तो कागद. हे चार फोटो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, तारीख आपोआप पडते.

पहिलं बिल आलं की सरळ बेरीज करा. जुन्याचं शेवटचं रीडिंग वजा मागच्या बिलातलं रीडिंग, अधिक नव्याचं आताचं रीडिंग वजा सुरुवातीचं. उत्तर बिलातल्या युनिटशी जुळलं पाहिजे. पहिलं बिल फुगण्याचं एक साधं कारण इथेच सापडतं: जुन्या मीटरचं रीडिंग काही महिने प्रत्यक्ष घेतलेलंच नसतं, सरासरीवर बिल आलेलं असतं, आणि मीटर उतरवताना साचलेला फरक एकदम अंगावर येतो. तो फरक खरा असेल तर भरावा लागतो, पण तो किती महिन्यांचा आहे हे दाखवून स्लॅबचा, म्हणजे दराच्या पायऱ्यांचा, फायदा त्या महिन्यांत विभागून मागा.

बिलाशी जोडलेला मोबाईल नंबर आपलाच आहे ना, हेही याच दिवशी पाहा. तो जुना भाडेकरू किंवा गावी गेलेला भाऊ यांचा असेल, तर पुढचं काहीच जमणार नाही.

आणखी एक शंका घरोघर असते: आता आधी रिचार्ज करायचं का? सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर घरोघर लागत आहेत ते टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार युनिट मोजणारे स्मार्ट मीटर. बिल पूर्वीसारखं महिना संपल्यावर येतं.

आधी मीटरचं घड्याळ पाहा

मीटरवरचं बटण दाबत गेलं की आकडे एकामागून एक सरकतात: तारीख, वेळ, एकूण युनिट, व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर, महिन्यातली कमाल मागणी. यातली वेळ लोक सोडून देतात, आणि टीओडी मीटरमध्ये सगळं त्या वेळेवरच उभं आहे. मीटरचं घड्याळ अर्धा तास मागे असेल तर दुपारी साडेचारला चालवलेला पंप त्याच्या लेखी चारला चालला, आणि सकाळी सव्वानऊची इस्त्री पावणेनऊला झाली. मोबाईलशी वेळ ताडून पाहा. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला तर फोटोसकट लेखी कळवा.

मीटर पळतो का, ते मोजा

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर युनिटमागे किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. ३,२०० हा नेहमी दिसणारा, काही मीटरवर १,६०० किंवा ६,४००. आकडा ३,२०० असेल तर एका मिनिटातल्या लुकलुकी मोजा आणि १८.७५ ने गुणा. उत्तर म्हणजे त्या क्षणी घर ओढत असलेले वॅट. १,६०० असेल तर ३७.५ ने गुणा.

चाचणीला पाणी तापवायची किटली उत्तम. इस्त्री नको, ती मध्येच बंद-चालू होते. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसुद्धा, आणि फक्त किटली लावा. ती १,५०० वॅटची असेल तर ३,२०० च्या मीटरवर मिनिटाला साधारण ८० लुकलुकी यायला हव्यात.

७० च आल्या तर घाईने निष्कर्ष काढू नका. किटलीवर छापलेले वॅट २३० व्होल्टचे असतात, आणि तापणाऱ्या वस्तूची ओढ व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २१० व्होल्टला तीच किटली साधारण १,२५० वॅट ओढते. मीटर व्होल्टेज दाखवतोच, ते पाहून हिशेब करा. चार-पाच टक्के इकडेतिकडे हा किटलीचा आणि मोजणाऱ्याचा दोष समजा. वीस टक्क्यांचा फरक वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा आला, तर तो कागदावर लिहा. माझा अनुभव असा की पळणारा मीटर फार क्वचित सापडतो. सापडतं ते पुढचं.

न्यूट्रलचा घोळ

यावर मी जरा थांबणार आहे, कारण नव्या मीटरनंतर बिल का वाढलं याचं खरं उत्तर जुन्या घरांत अनेकदा इथे असतं.

आजचे सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटर फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा, दोन्ही करंट मोजतात. दोन्ही सारखे असायला हवेत. त्यांच्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर मीटर दोन्हींतला मोठा करंट धरून युनिट मोजतो. हे चोरी पकडण्यासाठी केलेलं आहे. पण चोरी न करणारा माणूसही यात सापडतो. वाडा असो, चाळ असो, भावाभावांत वाटणी झालेलं घर असो, वायरिंग एकदाच झालेलं असतं आणि मीटर नंतर दोन होतात. फेज वेगळे केले जातात, न्यूट्रल मात्र भिंतीत कुठेतरी एकत्रच राहतो. मग शेजारच्या गिझरचा करंट परतताना तुमच्या न्यूट्रलमधून जातो आणि तुमच्या मीटरवर चढतो. जुना चकतीचा मीटर बहुधा फक्त फेज मोजायचा, त्याला हे कळतच नव्हतं.

माझ्या मावशीच्या वाड्यात हेच झालं होतं. मीटर बदलल्यावर तिचं बिल जवळजवळ दीडपट आलं, शेजाऱ्यांशी बोलणं बंद होण्याची वेळ आली. मीटर चोख होता. माडीवरच्या बाथरूमचा न्यूट्रल तिच्या बोर्डात जोडलेला निघाला.

तपासायची रीत अशी:

१. इन्व्हर्टर असेल तर त्याचा इनपुट काढा. मग मुख्य स्विच पाडा. मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर मीटर आणि मुख्य स्विच यांच्यामध्ये कुणाची तरी जोडणी आहे.

२. आता मुख्य स्विच चालू करा, पण आतले सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डातले आपोआप पडणारे छोटे स्विच, पाडा. आतले एमसीबी सहसा फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शेजाऱ्यांना त्यांचा गिझर किंवा पंखे-दिवे चालू करायला सांगा. तुमच्या मीटरचा दिवा लुकलुकला किंवा मीटरवर अर्थिंगची खूण आली, तर न्यूट्रल मिसळलेला आहे.

३. एमसीबी एकेक करून चढवा आणि कोणत्या फांदीवर खूण येते ते लिहा. शेजाऱ्यांकडचं सगळं बंद असतानाही खूण आली, तर त्या फांदीवर करंट जमिनीत गळतोय. ओल आलेली भिंत, जुना गिझर, पाण्याची मोटर हे नेहमीचे संशयित.

पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. त्याला क्लॅम्प मीटर घेऊन यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर एकत्र क्लॅम्पमध्ये धरल्या की आकडा शून्याजवळ हवा. दुरुस्तीनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. न्यूट्रल मिसळलेल्या घरात ती टिकतच नाही, सारखी पडते, आणि हीच न्यूट्रल मिसळल्याची खूण. शिवाय बाथरूममध्ये शॉक बसून माणूस जाण्यापासून तीच वाचवते. बिलापेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रात्री तीनचा आकडा

२०२३ च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांनुसार स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घेतलं गेलं पाहिजे, आणि त्याची माहिती ग्राहकाला संकेतस्थळ, अ‍ॅप किंवा एसएमएसवर मिळाली पाहिजे. महावितरणच्या अ‍ॅपमध्ये आपल्या वापराचा तपशील उघडा आणि आठवड्यातल्या कोणत्याही साध्या दिवसाचा तासवार तक्ता पाहा.

पहिली नजर रात्री दोन ते चारवर. सगळे झोपलेले, पंख्याखेरीज काही चालू नाही, तरी घर काही ना काही ओढतंय. पंखे आणि फ्रिज वजा केल्यावर ५० वॅट उरत असतील, तर महिन्याला ३६ युनिट कुणीही न वापरता जातात. सेट टॉप बॉक्स, वायफाय राउटर, भिंतीवर बंद न केलेला टीव्ही, भरलेल्या बॅटरीवर तरंगणारा जुना इन्व्हर्टर. एकेक बंद करून लाल दिवा मोजा, चोर सापडतो. आमच्याकडे तो जुना इन्व्हर्टर निघाला.

दुसरी नजर स्लॅबवर. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला पायरी बदलतात. ३०० ओलांडलं की सगळंच बिल महाग होतं असं बरेच जण समजतात. तसं नाही, वरच्या युनिटलाच वरचा दर लागतो. पण ते वरचे युनिट सगळ्यात महाग असतात, म्हणून रात्री तीनच्या आकड्यातून वाचलेले युनिट थेट वरच्या पायरीतून कमी होतात.

सकाळी ९ ते संध्याकाळी ५

जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. आकडा दरवर्षी वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलू शकतो, म्हणून बिलावरची त्या महिन्याची ओळ वाचत जा.

खरं सांगायचं तर ही रक्कम मोठी नाही. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या, घरी दिवसा माणसं असणाऱ्या कुटुंबाचे ८० युनिट या वेळेत पडत असतील तर ६४ रुपये. धुण्याचं मशीन, इस्त्री, टाकीचा पंप, मिक्सर-चक्की दिवसा आणली तर आणखी वीस-पंचवीस. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाने उन्हाळ्यात रात्रीचा एसी बंद करावा किंवा सुनेने पहाटेची कामं सोडून दुपारी धावपळ करावी, असं मी कुणालाही सांगणार नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मात्र वेगळं. महिन्याचे १५० युनिट दिवसा भरले तर १२० रुपये, आणि त्यासाठी एक टायमर लावण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही. सोसायटीच्या पाण्याच्या पंपालाही टायमर लावा. रात्री आठला चालणारा पंप दुपारी दोनला चालला तर कुणाचंच काही अडत नाही.

सवलत दिवसाच का, याचं उत्तर ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्यात, आहे. वीज साठवून ठेवायची सोय अजून थोडी आहे, त्यामुळे निर्मिती आणि मागणी प्रत्येक क्षणी जुळवावी लागते. जुळलं की फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झजवळ राहते. आपल्या ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरलेला आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या प्लग मीटरवर तुम्ही तो आकडा घरबसल्या हलताना पाहू शकता. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे घालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि लगेच पुन्हा चढली. झटकन कमी-जास्त करता येणाऱ्या जलविद्युत केंद्रांच्या जिवावर ते निभावलं. आपल्याकडे कोयना हे काम वर्षानुवर्षं करत आलंय. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प तर वीज मुबलक असताना खालचं पाणी वर चढवतो आणि टंचाईच्या वेळी खाली सोडतो.

आता दुपारी सौर वीज भरपूर येते, आणि संध्याकाळी सहानंतर सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरचे दिवे, टीव्ही, एसी चालू होतात. तुमचा पंप दुपारी सरकला, तर तेवढी वीज संध्याकाळी कोळसा जाळून काढावी लागत नाही. शेतीसाठीही हाच विचार आहे. पंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीची पाळी येते, आणि शेतकरी अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीत बांधावर जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वेगळ्या फीडरला दिवसा वीज दिली जाते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प त्यातला सुरुवातीचा.

वीज गेली की

स्मार्ट मीटर वीज जाताना आत साठवलेल्या थोड्या ऊर्जेवर शेवटचा एक संदेश पाठवू शकतो. एका डीपीवरचे, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे मीटर एकदम गप्प झाले तर दोष डीपीत, एकच गप्प झाला तर त्या घराच्या सर्व्हिस वायरीत, असा अंदाज कार्यालयात बसून लावता येतो. पण त्यावर विसंबून फोन करायचं सोडू नका. १९१२ वर ग्राहक क्रमांक सांगून तक्रार क्रमांक घ्या. आणि फोनआधी एवढं पाहून ठेवा: मीटरच्या पडद्यावर आकडे दिसत असतील तर वीज मीटरपर्यंत आलेली आहे, बिघाड बहुधा तुमच्या घरात आहे.

सोलर लावणार असाल तर

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता अहवालाची अट २०२४ च्या नियमांनी काढून टाकली आहे. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी.

दोन गोष्टी विकणारा आपणहून सांगत नाही. बॅटरी नसलेला सोलर ग्रिड गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला उलट्या दिशेने वीज मिळू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. एकाच डीपीवर पाच-सात छपरांवर पॅनेल आली की दुपारी व्होल्टेज चढतं, आणि २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतः ग्रिडपासून तुटतो. एप्रिलच्या लख्ख दुपारी उत्पादन शून्य दिसलं तर पॅनेल पुसत बसू नका, इन्व्हर्टरवरची दोषनोंद पाहा. म्हणून पॅनेल घ्यायच्या आधीच तीन-चार दुपारी मीटरवरचं व्होल्टेज लिहून ठेवा. ते २४५ च्या आसपास असेल तर आधी डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी, बदलून मागा.

पॅनेल लागल्यावर मीटरवर दोन आकडे येतात, ग्रिडकडून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले. महिनाअखेर दोन्हींचे फोटो काढायची सवय लावा.

फसवणुकीबद्दल

"मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा." असा मेसेज खाजगी मोबाईल नंबरवरून आला की तो चोराचा समजा. स्मार्ट मीटर दुरून बंद करता येतो हे लोकांना कळल्यापासून या धमकीला जास्त धार आलीय. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मेसेजमधून आलेलं कोणतंही अ‍ॅप उतरवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवा. तासवार तक्त्याचा फोटोही सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, घर कधी रिकामं असतं ते त्यातून कळतं.

तरीही बिल पटलं नाही

तोंडी भांडण नको, लेखी तक्रार आणि पोच. सोबत मीटर बदलाचे फोटो, लुकलुकीच्या तीन चाचण्या, तासवार तक्ता. मागणी नेमकी करा: पडताळणीसाठी जोडीचा मीटर. ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने दुसरा मीटर बसवायचा आहे, आणि तो किमान तीन महिने ठेवायचा आहे. त्या तीन महिन्यांत दोन्ही मीटरचे आकडे दर रविवारी लिहा.

मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट, वाढवल्याची किंवा दंडाची नोटीस आली तर दोन नियम दाखवा. मीटरने नोंदवलेल्या कमाल मागणीवरून तो बसण्याच्या आधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. आणि मागणी मंजूर भारापेक्षा आर्थिक वर्षात किमान तीनदा वर गेली असेल, तरच भार वाढवता येतो.

कार्यालयात उत्तर मिळालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे, मुंबई किंवा नागपूर. वकील लागत नाही. मधल्या काळात वीज तुटू नये म्हणून कलम ५६ मध्येच सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. भरण्याच्या पत्रावर "निषेधासह" हा शब्द लिहा आणि त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या.